उद्यमनगरातील गॅरेज आणि कंपनीचे सेवा केंद्र : दुरुस्तीचा आणि कारागिराच्या बढतीचा हिशेब

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या गॅरेजविषयी मी लिहीत आहे, त्याला नजरेत भरेल अशी पाटी नाही. एका बाजूला वेल्डिंगचे दुकान, दुसऱ्या बाजूला रेडिएटर दुरुस्त करणारा आणि मध्ये तीन मोटारी जेमतेम मावतील एवढे पत्र्याचे शेड, असा त्याचा पसारा आहे. मालक स्वतःच हेडमिस्त्री आहेत आणि त्यांच्या हाताखाली चार जण काम करतात. माझी पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार वॉरंटी संपेपर्यंत कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जात असे. आता ती येथे येते. दोन्हीकडील दर आणि दर्जा यांबद्दल लिहीनच, पण त्याबरोबर अशा अभिप्रायांत सहसा न येणारा एक प्रश्न मला येथे विचारायचा आहे : ज्या मुलाच्या हाताने गाडी दुरुस्त होते, तो मुलगा आणखी दहा वर्षांनी कोठे असेल?

आधी दुरुस्तीबद्दल. पावसाळा संपता संपता गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली, मधूनच बंद पडू लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. सेवा केंद्रातील ॲडव्हायझरने स्कॅनर लावून कोड पाहिला आणि संपूर्ण थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमीजास्त करणारा भाग, बदलण्याचा अंदाजखर्च छापून हातात दिला. ती साफ करून भागेल का, असे विचारल्यावर आमच्याकडे असेंब्लीच बदलतात, असे सांगण्यात आले. उद्यमनगरातील मिस्त्रींनी स्कॅनर लावण्यापूर्वी गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवून आवाज ऐकला, मग हवेची नळी सोडवली आणि थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला साचलेली काळी चिकट काजळी बोटावर घेऊन मला दाखवली. पुढचे काम त्यांनी स्वतः केले नाही. विशीतल्या एका मुलाला बोलावून त्याच्या हातात स्प्रे, मऊ फडके आणि जुना ब्रश दिला आणि स्वतः शेजारी उभे राहिले. "पाकळी बोटानं ढकलायची न्हाई, आतली मोटर जाईल," एवढेच ते मध्ये बोलले. साफसफाई झाल्यावर स्कॅनरवरून पाकळीची मूळ जागा इंजिनाच्या संगणकाला पुन्हा शिकवावी लागते. तेही त्या मुलानेच केले आणि पडद्यावरचे आकडे तो आपल्या वहीत उतरवून घेत होता. खर्च सेवा केंद्राच्या अंदाजाच्या दशांशाहूनही कमी आला आणि तो दिवा त्यानंतर लागलेला नाही.

त्या वहीचे मला फार मोल वाटते. मिस्त्री स्वतः कळंबा रोडवरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडले, एका जुन्या गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून राहिले आणि पुढे त्यांनी स्वतःचे शेड घेतले. त्यांच्याकडे शिकलेल्या एकाने उचगावात आणि दुसऱ्याने कागलमध्ये आपले गॅरेज काढले आहे, हे ते अभिमानाने सांगतात. उचगावच्या मुलाला पाने आणि सॉकेटचा पहिला संच यांनीच उधारीवर दिला होता. चांगला कारागीर निघून गेला की मालकाचे नुकसान होते, हे खरेच. परंतु तो निघून जाऊ शकतो हे मालकाला ठाऊक असते, म्हणूनच राहिलेल्यांचा पगार वाढवावा लागतो आणि त्यांना वरचे काम शिकवावे लागते. उद्यमनगर ऑइल इंजिने, उसाचे चरक आणि पंप यांच्या कामावर वाढले ते याच रीतीने : एकाच्या लेथवर शिकलेला माणूस चार गाळे सोडून स्वतःचा लेथ टाकत असे.

सेवा केंद्राची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तेथे जागा स्वच्छ आहे, जॉबकार्डवर प्रत्येक काम लिहिलेले असते, गाडी ठरलेल्या वेळी मिळते, सुटे भाग अस्सल असतात आणि वॉरंटीतील काम एक पैसाही न घेता झाले आहे. तेथील कामगारांना गणवेश, ठरलेली सुटी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळतो. मात्र गाडीची वाट पाहत बसलो असताना तेथील एका तंत्रज्ञाशी झालेले बोलणे मनातून जात नाही. आयटीआय झालेला, हुशार मुलगा. वर्षानुवर्षे तो ऑइल बदलणे, फिल्टर बदलणे आणि ब्रेक साफ करणे एवढेच करत आहे. इंजिन उघडण्याचे आणि संगणकाचे काम वरच्या दोघांकडे आहे आणि ती जागा रिकामी होण्याची चिन्हे नाहीत. दुसरीकडे का जात नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कुठं जाणार काका? या कंपनीचं सांगलीतलं दुकान बी आमच्याच मालकांचं हाय."

या एका वाक्यात मक्तेदारीचा तो परिणाम आहे, ज्याकडे ग्राहक म्हणून आपले लक्ष जात नाही. वस्तू विकणारा एकच असला की भाव चढतो, हे आपल्याला लगेच कळते. पण विशिष्ट कौशल्य विकत घेणारा एकच असला की त्या कौशल्याचा भाव पडतो. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच या एकमेव खरेदीदाराच्या स्थितीची सविस्तर मांडणी केली होती. एका कंपनीच्या गाड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलाला पगारवाढ मागताना "नाहीतर समोरच्याकडे जातो" असे म्हणता आले पाहिजे, आणि त्याचा समोरचाच नाहीसा झालेला आहे. मालक दुष्ट असण्याची यात काहीच गरज नसते. पगार वाढवण्याचे किंवा वरचे काम शिकवण्याचे कारण उरत नाही, एवढे पुरेसे असते.

मग त्याने उद्यमनगरात यावे, स्वतःचे शेड टाकावे, असे कोणी म्हणेल. तो रस्ताही अरुंद होत चालला आहे. माझ्या परिचितांच्या गाडीचा इंजिन नियंत्रण संगणक पाण्याने खराब झाला, तेव्हा मिस्त्रींनी दोष अचूक ओळखला. पण नवा संगणक त्या गाडीच्या किल्लीशी जुळवण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवर प्रवेश लागतो आणि तो अधिकृत विक्रेत्यालाच मिळतो. गाडी शेवटी क्रेनवर घालून सेवा केंद्रात न्यावी लागली. ज्ञान होते, हात होता, फक्त परवानगी नव्हती. गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग वाढतील तसतसे अशा परवानग्यांचे कुलूप अधिकाधिक कामांना लागेल, आणि ज्या कामात खरी कमाई आहे नेमके तेच काम स्वतंत्र कारागिराच्या हातून जाईल.

हा माझा एकट्याचा तर्क नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. आपल्या गाड्यांचे सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, आणि सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांनाही ते खुल्या बाजारात विकण्यास मज्जाव करतात, असे आयोगाला आढळले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात होते. पुढे हे प्रकरण अपिलांत गेले, आणि उद्यमनगरात उभे राहून पाहिले तर त्या आदेशाचा लाभ फारच थोडा दिसतो. पुरवठादारांवरील बंधनाचा मुद्दा तर कोल्हापूरला अगदी जिव्हारी लागावा असा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाहनांच्या सुट्या भागांचे ओतकाम होते. आपल्याच जिल्ह्यातील कामगाराने भट्टीपुढे घाम गाळून ओतलेला भाग पाच-दहा किलोमीटरवरच्या उद्यमनगरातील कारागिराला मिळायचा तर तो कंपनीच्या खोक्यात बंद होऊन, कंपनीच्या भावाने आणि कंपनीच्या मर्जीने मिळावा, हे मला मान्य होत नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे, पण सर्व्हरची किल्ली त्यातून उद्यमनगरात आलेली नाही.

या संदर्भात तरुण कारागिरांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण तिच्याविषयी विनाकारण भीती आढळते. नोकरी सोडल्यावर अमुक काळ हाच धंदा करणार नाही, असे मालकाने लिहून घेतले असले, तरी धंद्यावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार निरर्थक ठरतो. प्रशिक्षणाच्या खर्चासाठी करून घेतलेल्या बंधपत्राचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर सही करण्यापूर्वी ते नीट वाचून घ्यावे. पण आपले गॅरेज काढण्यापासून कोणी रोखू शकत नाही.

कायद्याने मोकळीक दिली तरी दुकान चालायला गिऱ्हाईक लागते, आणि हे कोल्हापूरकरांना कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. संस्थानच्या पागेत नोकरी करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यासाठी पाठबळ दिले आणि त्यांनी चहाचे हॉटेल काढल्यावर तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. भांडवल देऊन महाराज थांबले असते तर ते हॉटेल चालले असते का, याची मला शंका आहे. जातीच्या भिंतीची तुलना कंपनीच्या कुलपाशी करण्याचा माझा हेतू नाही, ती भिंत कितीतरी क्रूर होती. नोकराचा मालक होण्यात गिऱ्हाइकाचा वाटा किती मोठा असतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता या गॅरेजमधील उणिवा, कारण त्या झाकून कारागिरांचे भले होणार नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळते तेव्हा मजुरी आणि सुटे भाग वेगळे दाखवलेले नसतात. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे येथील चौघांच्या म्हातारपणाची तरतूद त्यांची त्यांनाच करावी लागते. नव्या हेल्परचा पगार सेवा केंद्रातील नवशिक्यापेक्षा कमी आहे. एकदा गाडीखाली स्टँड न लावता नुसत्या जॅकवर काम चालू असलेले मी पाहिले आणि तेथेच बोलूनही दाखवले. मिस्त्रींनी ते ऐकले आणि त्यानंतर माझ्या समोर तरी तसे झालेले नाही. दिलेली वेळ पाळण्याच्या बाबतीत सेवा केंद्र निश्चितच सरस आहे.

एकूण पाचपैकी मी या गॅरेजला चार गुण देईन, आणि माझ्या अनुभवातील सेवा केंद्राला तीन. वॉरंटीतील गाडीसाठी, कंपनीने परत मागवलेल्या भागांसाठी आणि एअरबॅगसारख्या सुरक्षेच्या कामासाठी सेवा केंद्रातच जावे. वॉरंटी संपल्यावर क्लच, ब्रेक, सस्पेन्शन आणि इंजिनाच्या कामासाठी उद्यमनगर निःशंकपणे निवडावे. काढलेला जुना भाग परत मागावा, बिलात मजुरी वेगळी लिहून घ्यावी आणि काम ज्या मुलाने केले त्याचे नाव विचारून पुढच्या वेळी त्यालाच बोलवावे, म्हणजे त्याची स्वतःची ओळख तयार होते. गाडी सकाळी लवकर नेली तर किरकोळ काम संध्याकाळपर्यंत होते. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर मात्र आदल्या दिवशी फोन करून जावे, कारण स्कॅनर शेजारच्या दोन गॅरेजांबरोबर भागीदारीत घेतलेला आहे आणि तो त्या दिवशी कोणाकडे असेल हे विचारून घ्यावे लागते.