फेस आला म्हणजे जिवाणू आले, असे मी समजलो

उसाचे पाचट यंदापासून जाळायचे नाही, शेणाबरोबर ढिगात कुजवायचे, असे दोन वर्षांपूर्वी ठरवले आणि त्याच सुमारास जिवाणू कल्चर विकणारा एक जण सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी आला. त्याच्या द्रावणाने घरच्या घरी जिवाणू खत तयार होईल आणि उरलेले खत त्याची कंपनी किलोच्या भावाने परत घेईल, असे तो सांगत होता. खात्री पटावी म्हणून त्याने आमच्याच ओसरीवरच्या दोनशे लिटर पाण्याच्या पिंपात दोन किलो गूळ विरघळवला, त्यात एक बाटली ओतली आणि तो निघून गेला. चौथ्या दिवशी पिंपावर बोटभर फेस आणि आंबूस वास होता. मी अठरा बाटल्यांचे 21,600 रुपये मोजले.

दोन महिन्यांनी ढीग उकरला तेव्हा पाचट हातात कुरकुरत होते आणि ढीग आतून थंडगार होता. वास्तविक कुजू लागलेला ढीग आतून इतका तापतो की त्यात हात घालवत नाही. पाणी मारण्यात माझीच कसूर झाली असेल, असे आधी वाटले. मग दुसऱ्या पिंपात नुसते गुळाचे पाणी भरून ठेवले, आणि चौथ्या दिवशी त्यावरही तसाच फेस आला. गुळातले आणि हवेतले यीस्ट हे काम फुकटात करते, हे तेव्हा उमगले.

बाटलीवर अझोटोबॅक्टरचे, म्हणजे हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूचे नाव होते. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार अशा द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, आणि बॅच क्रमांक व वापराची अंतिम मुदत छापावी लागते. आमच्या बाटलीवर यातले काहीच नव्हते. गाईचे चित्र मात्र सुरेख होते.

तक्रार घेऊन कृषी कार्यालयात गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा बिल मागितले. माझ्याकडे कच्ची पावती होती आणि तीवर 'मार्गदर्शन शुल्क' एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे खत विकल्याचा पुरावाच उरला नाही. विकणाऱ्याचा फोन तर केव्हाच बंद झाला होता. त्याच अधिकाऱ्यांनी टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक वापरण्यास सांगितले.

सात बाटल्या अजून माळ्यावर आहेत. तुमच्या ओसरीवर कोणी असे पिंप भरू लागला, तर त्याच्यादेखत शेजारी नुसत्या गुळाचे दुसरे पिंप भरून ठेवा.