क्वार्टर टोनचा गिटार टॅब: गिटार प्रो, म्युझस्कोर की लिलीपाँड?

टॅब (कोणत्या तारेवर कितवा फ्रेट दाबायचा हे आकड्यांनी सांगणारी लिपी) लिहायचं सॉफ्टवेअर निवडण्याआधी एवढंच बघा: तुमचा क्वार्टर टोन (पाव स्वर, म्हणजे साध्या गिटारवरच्या एका फ्रेटचं निम्मं अंतर) तार ओढून येतो, की गिटारलाच जादा फ्रेट बसवलेत? निम्मा निर्णय तिथेच होतो.

ब्लूजसारखी तार किंचित ओढायची असेल, तर गिटार प्रो किंवा म्युझस्कोर पुरे. पाव बेंड, म्हणजे तार पाव स्वर ओढायची खूण, दोन्हींत तयार मिळते. म्युझस्कोर फुकट आहे आणि ४.२ आवृत्तीपासून त्यातले बेंड बरेच सुधारलेत. गिटार प्रोला पैसे पडतात, पण दिवसभर टॅबच लिहिणाऱ्याचा हात त्यात भरभर चालतो.

खरी पंचाईत जादा फ्रेटवाल्यांची. किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या ऑस्ट्रेलियन बँडने २०१७ च्या अल्बमसाठी अशा गिटार वापरल्या. तुर्कस्तानचे गिटारवादक तोल्गाहान चोउलू यांनी २००८ मध्ये फ्रेट सरकवता येणारी गिटार केली. अशा वाद्यावर चौथ्या तारेवरून, म्हणजे डीवरून, अरबी संगीतातल्या रास्त मकामची (रागासारख्या स्वररचनेची) सुरुवात वाजवा: डी, ई, पाव स्वर चढा एफ, जी. टॅबमध्ये शून्य, दोन, साडेतीन, पाच. घोडं अडतं ते साडेतीनवर. सॉफ्टवेअरसाठी फ्रेटचा आकडा म्हणजे स्वराच्या मिडी क्रमांकातून (संगणकासाठी प्रत्येक स्वराला दिलेल्या आकड्यातून) मोकळ्या तारेचा क्रमांक वजा. एफसाठी ५३ उणे ५०, तीन. मिडीचे क्रमांक पूर्णांकच असतात, त्यामुळे ५३.५ ला जागाच नाही.

म्युझस्कोरमध्ये स्टाफवर (पाच रेघांच्या स्वरलिपीवर) क्वार्टर टोनची खूण छान उमटते, पण जोडलेल्या टॅबवर नुसता ३ दिसतो. वाजवणारा एफच वाजवणार. मग प्रत्येक ठिकाणी हाताने ½ चा मजकूर चिकटवा; तार बदलली की पुन्हा तपासा. त्यातही पाव स्वर उतरा ई लिहिलात तर टॅबवर २ येतो, हवा असतो दीड. तिथे ½ चिकटवलं तर अडीच होऊन बसतं! चार ओळींच्या धुनेला हे चालेल, अख्ख्या संग्रहाला नाही. गिटार प्रोमध्येही फ्रेट पूर्णांकच, त्यामुळे या कामासाठी त्यावर पैसे घालू नका.

लिलीपाँडमध्ये स्वराच्या नावाला ‘आयएच’ (ih) जोडलं की पाव स्वर वर, ‘ईएच’ (eh) जोडलं की खाली. नव्या आवृत्त्यांत ‘सपोर्ट-नॉन-इंटिजर-फ्रेट’ (supportNonIntegerFret) ही सेटिंग चालू केली की टॅबवर सरळ ३½ छापून येतं आणि स्टाफ व टॅब दोन्ही एकाच मजकुरातून निघतात. लिलीपाँडही फुकट आहे. मात्र माउसने स्वर टाकायची सोय नाही, सगळं टाइप करावं लागतं, आणि पहिले काही दिवस जड जातात. ऐकताना आणखी एक मर्यादा: त्याच्या मिडी फाइलमध्ये क्वार्टर टोन पिच बेंडने (स्वर किंचित वर-खाली सरकवणाऱ्या आज्ञेने) वाजतो आणि पिच बेंड अख्ख्या चॅनलला, म्हणजे त्यावर एकत्र वाजणाऱ्या सगळ्या स्वरांना लागतो. त्यामुळे एकेरी सूर ठीक, कॉर्डमधला एकच स्वर हलवता येत नाही. तरीही छापील पान हवं असेल तर मी लिलीपाँडच सुचवेन.

दोन गिटार पाव स्वराच्या अंतराने लावून वाजवणार असाल, तर हा खटाटोपच नको. साधा टॅब लिहा आणि दुसऱ्या गिटारवर ‘५० सेंट खाली’ अशी टीप द्या (१०० सेंट म्हणजे साध्या गिटारचा एक फ्रेट).

आपल्या श्रुतींसाठी मात्र यातलं काही जसंच्या तसं वापरू नका. क्वार्टर टोन म्हणजे सप्तकाचे २४ समान भाग. श्रुती तशा समान नाहीत.

कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्या पानावर आकड्यांचा अर्थ लिहा. सप्तकात २४ फ्रेट असलेल्या गिटारवर काहीजण प्रत्येक फ्रेट मोजतात. त्यांच्यासाठी वरचा साडेतीन म्हणजे सातवा फ्रेट.