जर्मनी की जपान? एका ब्रदरचा हिशेब

दिवाळीला बडोद्यात आलो की रावपुऱ्याच्या घरी दोन-तीन जण तरी एकच प्रश्न घेऊन येतात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली मुलं, कुणाची भाची, कुणाचा शेजारी. "दादा, जर्मनी करू की जपान?" म्हणजे नोकरीला कुठं जाऊ. बीकॉम करतात तसं आता इथं देश करतात. मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स; मी जपान केलं. माझ्याच बॅचची एक मैत्रीण जर्मनी करून बसलीय. दोघांच्या अनुभवावरून जगाला सल्ला देऊ नये, हे कळतं. पण विचारणारे ऐकत नाहीत.

दोन्ही दारं उघडी आहेत. जपानशी आपला विशिष्ट कुशल कामगारांचा करार जानेवारी २०२१ मधला, जर्मनीशी स्थलांतराचा डिसेंबर २०२२ मधला. जर्मनीनं २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेऊ म्हणून सांगितलं. अलकापुरीतले कन्सल्टंट हे आकडे काचेवर चिकटवतात. आपली फाइल त्यानं एक इंचही पुढे सरकत नाही.

भाषेचं सांगतो. जपानीला लोक उगाच घाबरतात. 'वाताशी वा निहोन नि इकिमासु'च्या खाली 'मी जपानला जातो' लिहून बघा. 'नि' म्हणजे आपला 'ला', आणि क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. कांजी, म्हणजे त्यांची चिनी अक्षरं, रडवते, ते मात्र खरं. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं, म्हणून मी आधी खुश झालो होतो. मग कळलं की तिथं मुलगी नपुंसकलिंगी. पण खरा फरक पातळीचा. जपानला वृद्धसेवेसाठी, म्हणजे त्यांच्या कैगोसाठी, एन-४ किंवा जेएफटी बेसिक ही जपानीची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा, वर सेवेतली जपानी आणि कौशल्य अशा दोन परीक्षा. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी-२, म्हणजे बरीच वरची पातळी. मैत्रिणीचं एक वर्ष त्यातच गेलं.

आता जिथं माझं घोडं अडलं ते.

जर्मनीत नर्सची मान्यता ज्या-त्या राज्याचं कार्यालय देतं. ते तुमचं शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं आणि जे कमी पडेल ते प्रशिक्षणानं किंवा परीक्षेनं भरून काढायला सांगतं. रीत चांगलीच आहे. पण ताडून बघायला त्यांना विषयवार तास लागतात: थिअरी किती, प्रॅक्टिकल किती, कुठल्या वॉर्डात किती. आमच्या संस्थेत असं पत्रक कधी कुणी मागितलंच नव्हतं. मी सात महिने खेटे घातले. खिडकीतले काका दर वेळी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "काले आवजो," म्हणजे उद्या या. अखेर पत्रक मिळालं. घरी येऊन बेरीज केली तर खालची एकूण आणि वरचे आकडे यांत वीस तासांचा फरक. शिवाय गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. फाइल जर्मनीहून परत आली. मैत्रिणीच्या कॉलेजात केरळच्या मुलींमुळे छापील नमुनाच तयार होता. तिचं काम पंधरा दिवसांत झालं.

जपानच्या विशिष्ट कुशल कामगार व्हिसाला शिक्षणाची अटच नाही. वय अठरा पूर्ण आणि परीक्षा पास. तासांचं पत्रक मागायला कुणी आलंच नाही. तेव्हाच माझं ठरलं.

याची किंमत मोजावी लागते, हे लपवत नाही. तिथं मी नर्स नाही. बडोद्यात रात्रपाळीला डोळे मिटून सलाइन लावणारा मी, तिथं इंजेक्शनला हात लावत नाही. आजोबांना अंघोळ घालतो, कवळी धुतो, जेवण भरवतो. पहिले तीन महिने हे फार लागलं. आता आजोबा माझ्या जपानीवर हसतात आणि मला बरं वाटतं. पगार मैत्रिणीचा जास्त. हा व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि त्यावर बायको-मुलं नेता येत नाहीत. लग्न झालं असेल तर इथंच थांबून विचार करा. तीन वर्षांच्या कामानंतर, ठरलेलं प्रशिक्षण घेऊन, कैगोची राष्ट्रीय परीक्षा देता येते; ती पास झालात आणि त्याच कामात राहिलात, तर वेगळा व्हिसा मिळतो, त्यावर कुटुंबही येतं. माझी सगळी मदार त्यावर आहे.

एजंट जपानला 'इंटर्न' म्हणून पाठवत असेल तर सावध. ती जुनी योजना, २०२७ मध्ये तिची जागा नवी व्यवस्था घेणार आहे, आणि तीत मालक सहसा बदलता येत नाही. माझ्या व्हिसात त्याच क्षेत्रात बदलता येतो. करार दोन्हीकडे नीट वाचा. मैत्रिणीच्या करारात, नोकरी लवकर सोडली तर भाषेचा खर्च परत, असं कलम आहे. बडोदेकरांना हे नवं नसावं: सयाजीरावांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हाही शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी लिहून घेतली होती.

कागद स्वच्छ असतील, नर्सच राहायचं असेल आणि वर्षभर धीर धरता येत असेल, तर जर्मनी वाईट नाही. मैत्रीण सुखात आहे. पण मला कुणी घाईत विचारलं तर तोंडून जपानच निघतं.

दुरुस्त केलेलं पत्रक मी बॅगा भरत होतो त्या आठवड्यात आलं. सही-शिक्क्यासकट आईच्या कपाटात आहे. जर्मनी करणाऱ्यांनी नमुना म्हणून खुशाल घेऊन जावं. तुमच्या संस्थेनं दिलेलं पत्रक मात्र खिडकीवरून हलायच्या आधी बेरीज करून बघा.