‘आपलाच माणूस’ म्हणून घेतलेला टीव्ही बॉक्स

माझ्या आईच्या पेन्शनच्या खात्यातून 87,500 रुपये गेले. शिवाय तीन महिने आमच्या घरचं इंटरनेट कुणीतरी परका वापरत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. हे सगळं झालं ते आईला परदेशात तिच्या मालिका बघता याव्यात म्हणून. तुमचे आईवडील तुमच्याकडे येणार असतील तर कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा.

सप्टेंबर 2024 मध्ये आई पहिल्यांदाच आमच्याकडे म्युनिकला आली. मिरजेत तिची संध्याकाळ ठरलेली असते. दिवेलागण, देवापुढे उदबत्ती, मग सातपासून साडेनऊपर्यंत टीव्ही. बाबा गेल्यापासून घरात माणसांचे आवाज असतात ते तेवढेच अडीच तास, असं ती म्हणते. त्यामुळे ती येण्याआधीच मी ठरवलं होतं की तिचा एकही भाग चुकू द्यायचा नाही. मालिकांचं ॲप तिच्या फोनवर होतंच. वर्षाची वर्गणी दादाने पुण्याहून भरली होती.

विमानतळावरून घरी येताना ट्रेनमध्ये तिने मालिका लावली आणि ती छान चालली. घरी येऊन वायफाय जोडलं, तर पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली: हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. आईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं दाबलं. ती माफी मागायला लागली.

कारण मला नंतर कळलं. रोमिंगवर असताना फोनचा डेटा भारतातल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो, म्हणून ॲपला फोन भारतातच दिसतो. वायफायवर आलं की इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी, जर्मनीचा होतो आणि दार बंद. रोमिंगचा पॅक आठवड्यात संपला. दुसरा घेऊ म्हटलं, तर आईच नको म्हणाली, एवढे पैसे मालिकेवर घालवायचे नाहीत म्हणून.

पैसे भरूनही का दिसत नाही, याचा मला फार राग आला होता. त्या रागाचा पुढे कुणीतरी फायदा घेतला, म्हणून याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. कार्यक्रमांचे हक्क देशवार विकले जातात. क्रिकेटमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क जून 2022 मध्ये 48,390 कोटींना गेले. त्यात भारतातला टीव्ही वेगळा आणि भारतातलं डिजिटल वेगळं. उरलेल्या सगळ्या जगाचे हक्क मिळून फक्त 1,057 कोटींचे, आणि त्यांचेही प्रदेशवार तुकडे. म्हणजे शंभरातले जेमतेम दोन रुपये आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांमुळे येतात. मग म्युनिकमध्ये बसलेल्या एका बाईची मराठी मालिका कुणाच्या हिशेबात असणार? माझ्या ऑफिसातली जर्मन मैत्रीण स्पेनला सुट्टीवर गेली तरी तिचं घरचं सबस्क्रिप्शन तिथे चालतं, कारण युरोपीय संघाने 1 एप्रिल 2018 पासून तसा नियमच लागू केला आहे. पण तो संघातल्या संघात. भारतातल्या वर्गणीला तो लागू नाही.

अशा मनःस्थितीत मी इथल्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर विचारलं, की आईसाठी मराठी चॅनेल्स कशी बघता येतील. गटावर कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटांत मला स्वतंत्र मेसेज आला. माणूस मराठी, बोलणं सांगली-कोल्हापूरकडचं. म्हणाला, ‘‘ताई, काळजी सोडा. काकूंना मिरजेत बसल्यासारखं वाटेल.’’ टीव्हीला जोडायचा अँड्रॉइडचा छोटा बॉक्स, सगळी मराठी-हिंदी चॅनेल्स, वर्षभराचं रिचार्ज धरून 149 युरो. पेपालवर पैसे पाठवताना ‘मित्र आणि कुटुंब’ हाच पर्याय निवडा, म्हणाला, नाहीतर मला कमिशन बसतं. मी निवडला. त्या पर्यायाने पैसे पाठवले की खरेदीदाराला मिळणारं संरक्षण राहत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. आज कुणी अनोळखी विक्रेता हा पर्याय सुचवतो म्हटलं की मी बोलणं तिथेच थांबवते.

बॉक्स चार दिवसांत आला. काळा, बिननावाचा, खाली निळं स्टिकर. चॅनेल्सचं ॲप बसवताना त्याने फोनवर सांगितलं, ‘‘सेटिंगमध्ये प्ले प्रोटेक्ट आहे ना ताई, ते बंद करा, उगाच आडवं येतं.’’ प्ले प्रोटेक्ट म्हणजे घातक ॲप पकडणारी गूगलची राखण. ती मी माझ्या हाताने बंद केली.

आणि बॉक्स चालला. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणूक म्हटली की वाटतं माणूस पैसे घेऊन लगेच गायब होतो. महिनाभर सगळं सुरेख चाललं. भारतातली साडेआठची मालिका इथे संध्याकाळी पाचला लागायची, आई चहा घेऊन बसायची, मीही घरून काम असेल त्या दिवशी तिच्या शेजारी बसायचे. तो महिना माझ्या फार आवडीचा आहे. त्यावरचा हा डाग मला अजून सहन होत नाही.

20 ऑक्टोबरला, रविवारी, चॅनेल्स बंद पडली. मी मेसेज केला तेव्हा तो लगेच बोलला, अगदी आपुलकीने. सर्व्हर बदलला आहे, पुन्हा नोंदणी करावी लागेल, आणि भारतातली चॅनेल्स असल्यामुळे नोंदणी भारतीय नंबरवरच होते, काकूंचा नंबर चालेल. मला यात काहीच खटकलं नाही. भारतातली ॲप्स खरोखरच भारतीय मोबाइल नंबर मागतात, त्यावर ओटीपी पाठवतात, हे मी कितीदा पाहिलं होतं. त्याचं प्रत्येक खोटं असं कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीला टेकलेलं होतं. प्रदेशाची अडचण खरी होती, म्हणून त्यावरचे त्याचे उपायही खरे वाटत गेले.

त्याने आईच्या व्हॉट्सॲपवर एक एपीके फाइल, म्हणजे ॲप स्टोअरला वगळून थेट ॲप बसवायची फाइल, पाठवली. मी ती तिच्या फोनवर उघडली. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मी दिली. मग ‘पडताळणीसाठी दहा रुपये’ असं एक पान आलं. भारतीय कार्ड हवं होतं. आईने पर्समधून तिचं डेबिट कार्ड काढून माझ्या हातात दिलं. नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं मी टाइप केलं. आई पलीकडे बसून बघत होती, लेक करतेय म्हणजे नीटच असणार या भरवशाने.

त्या रात्री 49,000 आणि दुसऱ्या रात्री 38,500 रुपये गेले. ओटीपी आईच्या फोनवर येत होते आणि ते ॲप ते वाचत होतं. बँकेचे मेसेज आले की नाही, आले असतील तर त्या ॲपने दडवले का, हे आता सांगता येत नाही. टीव्ही मात्र त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. 29 तारखेला दादा दिवाळीसाठी मिरजेला गेला, आईचं पासबुक भरून घ्यायला बँकेत गेला, तेव्हा कळलं. नववा दिवस होता.

पहिल्या दिवशी कळलं असतं तर खूप फरक पडला असता. भारतात अशा वेळी 1930 या क्रमांकावर फोन करायचा असतो आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची असते. पैसे पुढच्या खात्यांत फिरत असतात, जितकं लवकर कळवाल तितके मधेच अडवता येतात. दादाने त्याच दिवशी दोन्ही केलं. एका खात्यात 11,200 रुपये गोठवले गेले, बाकीचे पुढे निघून गेले होते. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकावर बोट ठेवलं. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कार्डाचे तपशील आणि परवानगी आम्हीच दिली होती, तेही मी, आईने नव्हे. तरी बुडाले तिचे.

त्या माणसाला मी फोन केला. पहिल्यांदा उचलला, ‘‘ताई, माझा काय संबंध, तुमच्या बँकेत बघा,’’ म्हणाला. त्यानंतर नंबर बंद.

मी गटावर लिहिलं नाही. नवरा म्हणाला लिही, मी नाही लिहिलं. बॉक्समधली चॅनेल्स चोरीची आहेत हे तोवर मला समजलं होतं. युरोपीय न्यायालयाने 26 एप्रिल 2017 ला एका डच खटल्यात असे बॉक्स विकणाऱ्याविरुद्ध निकाल दिला, आणि अशा चोरीच्या ठिकाणाहून बघणाऱ्यालाही कायद्याची सूट नाही असं स्पष्ट केलं. म्हणजे तक्रार केली तर माझ्याच गळ्याशी येईल ही भीती होती. आणि लाज होती. चांगली शिकलेली बाई मी, आयटीत काम करते, आणि आईचं कार्ड मी दिलं.

नोव्हेंबरअखेर आई परत गेली. चॅनेल्स त्याआधीच कायमची बंद पडली होती. पण बॉक्सवर यूट्यूब चालायचं, मुलं गाणी लावायची, म्हणून तो टीव्हीला जोडलेलाच राहिला. डिसेंबरच्या मध्यात आमच्या इंटरनेट कंपनीचं पत्र आलं. तुमच्या जोडणीवरचं एक उपकरण संसर्गित आहे, ते तात्काळ बंद करा. पत्रात त्या घातक सॉफ्टवेअरचं नाव होतं, ‘बॅडबॉक्स’. जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने, बीएसआयने, 12 डिसेंबर 2024 ला जाहीर केलं होतं की देशातल्या सुमारे 30,000 उपकरणांचा हल्लेखोरांशी असलेला संपर्क त्यांनी तोडला आहे. डिजिटल फोटोफ्रेम, मीडिया प्लेयर, जुन्या अँड्रॉइडवरच्या अशाच वस्तू. यातला रोग नंतर शिरलेला नव्हता, विकतानाच आत होता. असं उपकरण तुमचं इंटरनेट तिसऱ्यालाच वापरायला देतं. तो त्यावरून बनावट खाती उघडतो, जाहिरातींत घोटाळे करतो, हल्ले करतो, आणि माग काढला तर पत्ता तुमच्या घराचा निघतो. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही याच कुळातल्या टीव्ही बॉक्सबद्दल इशारा दिला. प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणं, आणि सगळं फुकट दिसेल असं आश्वासन देणं, ही त्यांनी दिलेली लक्षणं मी वाचली तेव्हा माझ्या हाताला घाम आला.

पत्र घेऊन मी ग्राहक सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मला पोलिसांकडे पाठवलं. मी तक्रार दिली. मला कुणी आरोपी केलं नाही, कुणी ओरडलं नाही. तिथल्या अधिकाऱ्याने बॉक्स पिशवीत घालून ठेवून घेतला आणि पावती दिली. ज्या भीतीने मी दोन महिने गप्प बसले ती भीती त्या खोलीत वीस मिनिटांत संपली.

घरी येऊन मी गटावर सगळं लिहिलं. आकड्यांसकट, माझ्या चुकांसकट. गटावर तीन जणांनी हात जोडले. खासगीत मात्र त्या रात्री अकरा जणांचे मेसेज आले. एकीने त्याच माणसाला तीनदा पैसे दिले होते, दर वेळी ‘सर्व्हर बदलला’ म्हणून. एका काकांनी सुनेला कळू नये म्हणून दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी गटावर पहिला प्रश्न विचारला होता तेव्हा यातले सहा जण तिथे होते, आणि त्यांनी वाचला होता.

मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. मीही तेच केलं होतं. पण त्यातल्या एकाने जरी त्या दिवशी दोन शब्द टाकले असते, तर आईचे पैसे तिच्याजवळ असते.

आई पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहे. या वेळी तिच्या फोनवर जास्त डेटाचा रोमिंग पॅक घेतलाय, पैसे मी भरलेत. ज्या वाहिन्या जर्मनीसाठी रीतसर वेगळी वर्गणी देतात त्या मी शोधल्या आहेत, इथल्याच ॲप स्टोअरमधून, इथलं कार्ड वापरून. तिची सगळ्यात आवडती मालिका त्यात नाही. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘असू दे गं, शेजारच्या वहिनी रोज फोनवर सांगतील काय झालं ते.’’

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मराठी गटावर जाहिरात आली. नंबर नवा होता, फोटोत काळा बॉक्स आणि निळं स्टिकर. वर लिहिलं होतं, ‘आई-बाबा येणार आहेत? त्यांच्या मालिका चुकवू नका.’ मी खाली इंटरनेट कंपनीच्या पत्राचा फोटो टाकला आणि आईचे 87,500 कसे गेले ते चार ओळींत लिहिलं. पाच मिनिटांत जाहिरात काढली गेली. माझ्या मेसेजखाली लगेच एकीने विचारलं, ‘ताई, माझ्याकडे असाच बॉक्स आहे, आत्ता चालू आहे, काय करू?’ मी तिला फोन केला आणि ती प्लग काढेपर्यंत बोलत राहिले.