पानं सुटली म्हणून दुसऱ्यांदा वाचलेलं ‘वाइल्ड’

शेरिल स्ट्रेडचं ‘वाइल्ड’ हे आत्मकथन घेऊन बरेच महिने झाले. पेपरबॅक. परवा मधला पानांचा गठ्ठाच हातात आला. विक्रेत्याचं उत्तर : परतीची मुदत संपली. एवढे पैसे घेऊन गोंद मात्र नावालाच! शेवटी घरीच चिकटवायला बसलो. पानं क्रमाने लावता लावता वाचत गेलो आणि पहिल्या वेळची चीड पुन्हा वर आली. ही बाई वाचून झालेली पुस्तकं जाळते!

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, 2014 मध्ये सिनेमाही आला. निदानानंतर सात आठवड्यांत, वयाच्या 45 व्या वर्षी आई कॅन्सरने गेली. मग घर पांगलं, लग्न मोडलं, हेरॉइनही झालं. 1995 च्या उन्हाळ्यात 26 वर्षांची शेरिल पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या अमेरिकेतल्या लांबलचक डोंगरवाटेवर 1,100 मैल एकटी चालली.

तर ते जाळणं, पाठीवरचं ओझं कमी करायला. फॉकनरची अख्खी कादंबरी चुलीत घालावी तशी. वर पुस्तकाच्या शेवटी जाळलेल्या पुस्तकांची यादी, जणू काही पराक्रमच. जुन्या वह्यांची कोरी पानंसुद्धा जपून ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला हे बघवत नाही. कुणाला देऊन टाकायची की! वाटेत एका पुस्तकाची अदलाबदल तर ती करतेच.

दुसऱ्या वाचनात मात्र राग जरा निवळला. सुरुवातीला पाठीवरची बॅग तिला उचलतही नाही. केनेडी मेडोज या वाटेतल्या मुक्कामी एक जाणता माणूस ती बॅग उपसतो आणि घडीची करवत, कॅमेऱ्याचा फ्लॅश असलं सगळं बाहेर काढतो. असा ग्रॅमग्रॅमचा हिशोब चालू असताना एड्रियन रिचचा कवितासंग्रह मात्र जळत नाही, शेवटपर्यंत बॅगेतच राहतो. आईबद्दलच्या कित्येक थेट परिच्छेदांपेक्षा या एका न जाळलेल्या पुस्तकाने मला तिच्याबद्दल जास्त सांगितलं. तरी ती यादी नकोच होती. या मतावर मी ठाम आहे.

पैशांचा भाग मला सगळ्यांत आवडला. आधीच पॅक केलेली खोकी पुढच्या पोस्टात येणार, त्यात थोडे डॉलर असणार, तोवर कळ काढायची. एके ठिकाणी तर तिच्याकडे फक्त 65 सेंट उरतात, आणि डोक्यात सारखं थंडगार लिंबू सरबत. इथे ती दुःखाविषयी चकार शब्द काढत नाही, आणि तिथेच ते खरं वाटतं. त्या वर्षी वाटेतल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत बर्फ फार होता म्हणून तिने तो टप्पा बसने ओलांडला. यावर नाकं मुरडणारे वाचक भेटतात. मला तो शहाणपणा वाटला.

शेवट मात्र घाईचा. जिथे चालणं संपतं त्या ब्रिज ऑफ द गॉड्स या पुलाला पोचली, आइस्क्रीम खाल्लं, की पुढचं लग्न, मुलं सगळं भराभर उरकलंय. नखं गळण्याला इतकी जागा दिली, मग सावरण्याला का नाही?

नुकतंच घरचं माणूस गेलेल्या कुणाला भेट द्यायचा विचार असेल तर थोडं थांबा. हॉस्पिटलचा भाग अगदी सुरुवातीलाच आहे. आणि आईच्या घोडीला, लेडीला, गोळी घालावी लागते तो प्रसंग मी दुसऱ्या वेळी सरळ उलटून पुढे गेलो.