पट्टी कागदावरची की परेडवरची?

अमेरिकन नौदलात जायचं ठरवलेली आपली दोन-तीन मुलं गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारून गेली. कॉलेजचे कागद जमवून ई-३ ची, म्हणजे तळापासून तिसरी रँक करारात लिहून घ्यावी, की आहे तसं सगळ्यात खालच्या ई-१ वर जावं आणि बूट कॅम्पमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये, चमकून पासिंग आउटलाच बढती मिळवावी? मी दुसरा रस्ता धरला होता. बढती मिळालीही. तरीही त्यांना काय सांगावं याचा विचार करताना मला आठवतो तो आमच्या कंपार्टमेंटमधला, म्हणजे झोपायच्या हॉलमधला, माझ्या वरचा बंक. त्याच्याकडे नंतर येतो.

ग्रीन कार्ड, वय, मेडिकल, ॲसव्हॅब ही भरतीची लेखी परीक्षा हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. कॉलेजच्या २४ सेमिस्टर क्रेडिटांवर ई-२ आणि ४८ वर ई-३, हेही रिक्रूटरने सांगितलं असेलच. पण एक गोष्ट तो पटकन सांगत नाही. करारात ई-३ छापलेलं असलं तर पगार पहिल्या दिवसापासून ई-३ चा सुरू होतो, मात्र बाहीवर पट्ट्या चढतात त्या शेवटीच. तोवर कॅम्पमध्ये सगळे सारखेच, नुसते 'रिक्रूट'. त्यामुळे तुमच्या शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसलेला कोण किती घेतोय, हे त्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत आयुष्य काढलेल्या माझ्या मामांना हे फोनवर समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. "कसम परेडलाच बढती? लान्स नाईकाची फीत मिळायला आमची वर्षं गेली रे." मी म्हटलं, मामा, ही लान्स नाईकाची नाही, इकडे तळातच तीन पायऱ्या आहेत आणि भांडण त्या तीन पायऱ्यांचंच आहे. त्यांना ते पटलं नाही.

तर माझी गोष्ट. मी बी.कॉम., महाराष्ट्रातल्याच एका विद्यापीठाचा, आणि न्यू जर्सीत एडिसनला काका-काकूंकडे राहत होतो. परदेशी पदवी असली की इथल्या एखाद्या मूल्यांकन संस्थेकडून तिचा क्रेडिटांत हिशोब करून घ्यावा लागतो, आणि त्या संस्थेला ट्रान्सक्रिप्ट हवी असते विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटातून. नाशिकच्या चुलतभावाने त्यासाठी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला चलन भरायची खिडकी बंद. दुसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर क्रम वेगळा, प्रतिज्ञापत्र आणा. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला आणि पोच दिली. तारीख दिली नाही.

इकडे रिक्रूटरने जानेवारी २०२३ ची तारीख दिली होती. इंजिनाच्या ज्या कामाला माझं नाव लागलं होतं, त्याच्या शाळेतली जागा त्या तारखेला बांधलेली. थांबलो असतो तर जागा दुसऱ्याला गेली असती. "तुझ्यासारखा माणूस तिथे सहज मेरिटवर पुढे जाईल," असं तो म्हणाला. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. गेलोही पुढे. 'सहज' तेवढं त्याने पदरचं घातलं.

बूट कॅम्प ग्रेट लेक्सला, म्हणजे शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी. जानेवारीत तिथे थंडी किती असते ते सांगत नाही, तिची सवय होते. तेव्हा ट्रेनिंग दहा आठवड्यांचं होतं, २०२५ पासून नऊचं झालंय. ऐंशीच्या आसपास पोरांची एक डिव्हिजन आणि तिच्यावर तीन आरडीसी, म्हणजे आमचे ट्रेनर. मेरिटची बढती कोणाला, याची शिफारस तेच करतात. धावणं, प्लँक, पुशअप, लेखी परीक्षा, इन्स्पेक्शन हे सगळं धरलं जातंच, पण त्यावर डिव्हिजनमधली अर्धी पोरं बरी असतात. नजरेत भरायचं तर रिक्रूटांमधलं एखादं पद हवं. आरपॉक, म्हणजे रिक्रूटांचा म्होरक्या, तलवार घेऊन सगळ्यांच्या पुढे चालतो, ते काम आवाज मोठा असलेल्याचं. माझं अक्षर बरं आणि डोक्यावर बी.कॉम.चा शिक्का, म्हणून मला केलं येओमन. डिव्हिजनचा कारकून म्हणा.

मला आनंद झाला होता. पाच-सहा दिवस टिकला.

येओमनकडे रोजची हजेरी असते, कोणाची डेंटलची वेळ, कोणाची चष्म्याची, आणि मुख्य म्हणजे वॉचबिल, रात्रीच्या पहाऱ्याची यादी. दहाला दिवे बंद, सहाला उठायचं, आणि मधल्या वेळात दोन-दोन तासांनी पहारेकरी बदलायचे. ऐंशी जणांत हे फिरवायचं, लागोपाठ दोन रात्री एकालाच येऊ द्यायचं नाही, आजारी, चर्चमधून उशिरा येणारा, उद्या पोहण्याची परीक्षा असलेला, सगळ्यांना वगळायचं. हिशोब अवघड नाही. पण तो करायची वेळ म्हणजे दिवे जाण्याआधीचा तो एकमेव तास, ज्यात बाकीचे घरी पत्र लिहितात, बूट घासतात, नाहीतर नुसते बसून राहतात. मी जमिनीवर मांडी घालून, पट्टीने रेघा मारून, काळ्या शाईने छापील अक्षरांत नावं भरत असायचो. आणि डोक्यावर रांग. "मला परवाच दोन ते चार होता." "माझा त्याच्याशी बदल कर." "मला बारा ते दोन नको, त्यापेक्षा चार ते सहा दे." दोन ते चार कोणालाच नको असतो, कारण त्याने झोपेचे बरोबर दोन तुकडे होतात. रोज कोणीतरी माझ्यावर रुसलेलं असायचं. वॉचबिल म्हणजे वाड्यातल्या नळाच्या पाळ्या, आणि मी त्या ठरवणारा भाडेकरू.

पाचव्या आठवड्यात मी एका पोराला दोन ते चार लावला. त्या दुपारी त्याच्या दोन अक्कलदाढा काढल्या होत्या आणि डॉक्टरने विश्रांती लिहून दिली होती. ती चिठ्ठी माझ्यापर्यंत आली नव्हती. आरडीसीने यादी वाचली, शांतपणे चार तुकडे केले आणि म्हणाली, परत. परत लिहिली. त्या घाईत आडनावातलं एक अक्षर चुकलं. परत. तिसरी मंजूर झाली तेव्हा दिवे जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. मी लाल भिंगाच्या टॉर्चच्या उजेडात बसलो होतो, आणि वरच्या बंकवरून संथ घोरणं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला येओमनपदावरून काढलं. चार दिवसांनी पुन्हा नेमलं, कारण नव्या येओमनने एका रात्रीचा पूर्ण पहाराच विसरून दाखवला.

ते चार दिवस मी फार छान झोपलो. पण जागं असताना डोक्यात एकच: आता गेलं का माझं नाव यादीतून? विचारायची सोय नाही. कोण किती पाण्यात आहे हे आरडीसी सांगत नाहीत, आणि सांगूही नये, त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. मेहनतीचं काही वाटत नाही, ती सगळेच करतात. दहा आठवडे रोज रात्री स्वतःच्या झोपेतून तास काढून द्यायचा, आणि तो कोणाच्या खात्यात जमा होतोय, होतोय की नाही, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळू नये, हे मात्र मला जड गेलं. तुमचा स्वभाव वेगळा असेल तर तुम्हाला कदाचित जाणार नाही.

आता वरचा बंक. ओहायोचा पोरगा, गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढलेली. क्रेडिट पन्नासच्या वर, त्यातली तीन मडकी घडवण्याच्या वर्गाची. करारात ई-३. त्याने एकही पद घेतलं नाही. आरडीसींना त्याचं नाव आठव्या आठवड्यात कळलं असावं. वाईट पोरगा नव्हता, घड्या सुरेख घालायचा, बॅटल स्टेशन्स या शेवटच्या परीक्षेच्या रात्री पाण्याच्या पंपावर माझ्या शेजारी त्याने जीव तोडून काम केलं. ट्रेयर हे आत उभारलेलं नकली जहाज, तिथे रात्रभर पूर, आग, जखमी असं चालतं आणि सकाळी 'रिक्रूट' लिहिलेली टोपी काढून 'नेव्ही' लिहिलेली देतात. त्या सकाळी तोही रडला, मीही.

दोन दिवसांनी मेरिटची नावं वाचली, त्यात माझं होतं. ई-२. परेडला निळ्या गणवेशावर डाव्या बाहीला माझ्या दोन तिरक्या पट्ट्या, लाल, कारण इंजिनवाल्यांच्या लाल असतात. तो विमानांकडे जाणारा, त्याच्या हिरव्या. तीन. "काँग्रॅट्स, मॅन," असं त्याने अगदी मनापासून म्हटलं.

पैशाचं बोलायचं तर २०२३ मध्ये पहिल्या चार महिन्यांतल्या ई-१ ला महिना १,७७३ डॉलर होते आणि ई-३ ला २,२५९. कॅम्पमधला फरक, आणि पुढे ई-२ वरून ई-३ ला जायला लागणाऱ्या नऊ महिन्यांतला महिना शंभर-सव्वाशेचा फरक, हे धरून माझे दोन हजारांच्या आसपास गेले. फार नाहीत. पण माझे होते, एका पाकिटाच्या अंतरावर.

दुसरी बाजूही सांगतो. मेरिटची पट्टी कागदाच्या पट्टीपेक्षा मानाची, असं कॅम्पमध्ये सगळे म्हणतात आणि त्या दिवशी तसं वाटतंही. पण रस्ता ओलांडून इंजिनच्या शाळेत गेलो (ती ग्रेट लेक्सलाच आहे) आणि नंतर जहाजावर, तेव्हा या पट्ट्या कुठून आल्या हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. दोन पट्ट्या म्हणजे दोन पट्ट्या. आणि २०२४ पासून ई-३ ला ३० महिने सेवा झाली की ई-४ आपोआप मिळतं, म्हणजे सुरुवातीची ही उडी पुढे जाऊन बरीचशी पुसली जाते. ज्याला त्यावरून दोन्ही मार्ग सारखेच वाटतात त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

अठरा वर्षांचा, हायस्कूलमधून थेट निघालेला असेल, हातात क्रेडिटच नसतील, तर त्याने काय, मेरिटच करावं. येओमन सोडून कुठलंही पद घ्यावं. लाँड्रीचं चांगलं असतं.

मरीन कोअरचं गणित निराळं. तेरा आठवडे, करारात जास्तीत जास्त ई-२ आणि तेही १५ क्रेडिटांवर मिळतं. तिथे प्लॅटूनचा गाइड (रिक्रूटांचा म्होरक्या) किंवा ऑनर मॅन (सगळ्यांत अव्वल) होऊन मिळालेल्या पट्टीला पुढेही थोडी किंमत राहते, असं माझे मरीन मित्र सांगतात. मित्र मरीन आहेत, तेव्हा ऐकून घ्यायचं. आर्मी मात्र नीट बघा. पूर्ण बॅचलर्स डिग्री असेल तर तिथे थेट ई-४ स्पेशालिस्ट म्हणून घेतात. आपली तीन वर्षांची बी.कॉम., बी.एस्सी. तिथे अडते, कारण बऱ्याच मूल्यांकन संस्था तिला चार वर्षांच्या पदवीइतकी धरत नाहीत. नौदलाला तर ४८ क्रेडिटच हवीत, तीन वर्षांत ती सहसा भरून उरतात. म्हणजे आपल्याकडच्या साध्या पदवीधराला ई-३ बसल्या जागी मिळण्यासारखी आहे, फक्त कागद वेळेत यायला हवा. बी.ई. झालेल्याने नौदल की आर्मी हा विचार वेगळा करावा, त्यात मी पडत नाही.

म्हणून मुलांना मी एवढंच म्हणतो की रिक्रूटरला भेटायच्या आधी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाका, नंतर नाही. दोन प्रती मागा. नावाचा क्रम वेगळा असेल तर प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला सोबत द्या. आणि रँक करारावर छापून आल्याशिवाय सही करू नका, "तिथे गेल्यावर बघू" म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

माझं पाकीट आलं, तिसऱ्या आठवड्यात. काकूच्या पत्रात शेवटची ओळ होती: "तुझ्या विद्यापीठाचं जाड पाकीट आलंय, लाखेचं सील आहे, उघडू का?" ते पत्र मी वाचलं तेव्हा दिवे जायला वीस मिनिटं होती आणि पुढ्यात अर्धी भरलेली यादी होती. उत्तर लिहायचं राहून गेलं. काकूने ते उघडलं नाही. अजून एडिसनच्या घरी फ्रिजवर, पोळ्यांच्या डब्यामागे आहे.