छापलेला क्यूआर आणि आपलं स्वतःचं श्लिंक: आठ महिन्यांचा अनुभव

माझं काम लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स डिझाइन करण्याचं. हल्ली पत्रिकेवर गणपतीखालोखाल क्यूआर कोड लागतोच. आधी एक फुकटची लिंक छोटी करणारी सेवा वापरायचो. ऐन लग्नसराईत त्यांनी मध्येच जाहिरातीचं पान घुसवलं. मुलीच्या वडिलांचा फोन, "अहो, हॉलचा नकाशा उघडायच्या आधी कसल्या गोळ्यांची जाहिरात येतेय?" सहाशे पत्रिका वाटून झालेल्या. काय करणार?

मोठ्यांच्या भरवशावर तरी का राहायचं? गूगलने goo.gl ही लिंक छोटी करायची सेवा 2019 मध्ये बंद केली, 2024 मध्ये जुन्या लिंकाही ऑगस्ट 2025 पासून बंद होणार असं जाहीर केलं, आणि अगदी तोंडावर येऊन वापरात असलेल्या राहतील म्हणाले. कागदाला असली धाकधूक परवडत नाही.

म्हणून एक छोटं डोमेन, 1 जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर आणि त्यावर श्लिंक, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं लिंक छोटी करणारं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स. डॉकरने (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) चढवलं, पुढे कॅडी हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर ठेवलं. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र कॅडी आपोआप आणतं, त्यामुळे तिकडे परत पाहिलंही नाही. श्लिंकला स्वतःचा लॉगिनचा पडदा नसतो, हे आधी विचित्र वाटलं. कमांड देऊन एपीआय की (पासवर्डसारखी चावी) काढायची आणि ती वेगळ्या वेब क्लायंटमध्ये, म्हणजे लिंका सांभाळायच्या वेब पानात, टाकायची. ही की ब्राउझरमध्येच राहते; भाच्याने ब्राउझर 'साफ' केला तेव्हा ती पुन्हा शोधत बसलो. कुठून क्लिक आलं हे हवं असेल तर मॅक्समाइंड या ठिकाणांची माहिती पुरवणाऱ्या कंपनीकडून फुकट परवाना की घ्यावी लागते. मला गाव कळून काय करायचंय, मी ते सोडून दिलं.

आता मोठा घोळ, आणि तो माझाच. डेटाबेस वेगळा दिला नाही तर श्लिंक एसक्यूलाइट (एकाच फाइलीतला छोटा डेटाबेस) वापरतं आणि ती फाइल कंटेनरच्या आतच असते. दुसऱ्या महिन्यात नवी आवृत्ती ओढली, जुना कंटेनर गेला, नवा उभा राहिला. यादी उघडतो तर शून्य. 43 लिंका गायब, आणि त्यातल्या निम्म्या छापून लोकांच्या घरात पोचलेल्या. वाचलो ते एवढ्यावरच, की श्लिंकमध्ये लिंकेची शेपटी (डोमेननंतरचा भाग) आपल्याला हवी ती ठेवता येते. प्रूफच्या पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडून एकेक शेपटी जशीच्या तशी परत भरली, रात्री दोनपर्यंत. सकाळी डेटाबेस मारिआडीबी या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर हलवला, रोज रात्री त्याची प्रत दुसरीकडे जाते.

श्लिंक घेण्याआधी काही दिवस मी नुसत्या एनजिनएक्समध्ये (हेही वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) हाताने एका लिंकेवरून दुसरीकडे पाठवणारे 301 चे नियम लिहायचो. 301 म्हणजे 'कायमचं स्थलांतर', ब्राउझर ते लक्षात ठेवतो. एका क्लासचा फॉर्म बदलला, मी नियम बदलला, तरी ज्यांनी आधी उघडला होता त्यांना जुनाच दिसत राहिला. श्लिंक मुळातच 302, म्हणजे 'तात्पुरतं स्थलांतर', देतं, तिथे हे होत नाही. माझ्या मते छापील कामासाठी हीच खरी कमाई: हॉल बदलला तरी पत्रिका तीच.

दोन बारीक गोष्टी. आपोआप बनलेल्या शेपटीत लहान-मोठी अक्षरं मिसळतात, फोनवर सांगताना घोळ होतो. सेटिंगमध्ये 'लूज' मोड आहे, त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक राहत नाही; तो सुरुवातीलाच लावा. आणि क्लिकचे आकडे पार्टीला दाखवायच्या आधी बॉटच्या (माणसाऐवजी आपोआप लिंका उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भेटी वगळा, नाहीतर दोनशे म्हणून सांगाल आणि पार्टी विचारेल, "मग गिऱ्हाईक कुठंय?"

डोमेन पहिल्या वर्षी स्वस्त होतं, नूतनीकरणाला चौपट मागितले. शेवटी तीन वर्षांचे एकदम भरले. तेव्हाचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही, म्हणून तारीख दुकानाच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवलीय.